'घुसून मारा' म्हणण्याआधी पुलगावकडे बघा

निळा झेंडा डीपीला लावलेल्या आपल्याच पोरांच्या ग्रुपवर अधूनमधून एक भाषा ऐकू येते. शत्रूने काही करायच्या आत त्याला संपवा, पुरावे-बिरावे नंतर बघू, आधी घुसून मारा. २०१९ मध्ये बालाकोटनंतर ही भाषा होती. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत ती परत आली. त्याच वर्षी जूनमध्ये इस्रायलने आणि त्यानंतर अमेरिकेने इराणवर बॉम्ब टाकले, तेव्हा आपल्यातलेही काही जण 'असा पाहिजे नेता' म्हणून टाळ्या पिटत होते. चॅनलवाल्यांनी ही भाषा बोलावी, तो त्यांचा धंदा आहे. पण जयभीम म्हणणाऱ्या माणसाला ती फुकट बोलता येत नाही. 'आधी वार' करून आजवर कोणाला काय मिळाले आणि त्याची किंमत कोणाच्या घरातून वसूल झाली, हे त्याने तपासले पाहिजे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर कोणीतरी म्हणेल की वर्ध्याचा माणूस आहे, सेवाग्रामची हवा लागली. नाही. १७ ऑक्टोबर १९४० ला याच जिल्ह्यात, पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. युद्धाला माणूस देणार नाही, पैसा देणार नाही, अशी ती भूमिका होती. बाबासाहेबांची भूमिका तेव्हा नेमकी उलट होती. हिटलर जिंकला तर जगात कुठल्याच दबलेल्या माणसाला मान वर काढता येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली ती त्यांच्या पाठपुराव्यातून. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री म्हणून गेले आणि युद्धकाळाचा कारभार त्यांनी सांभाळला. गोव्याबद्दल तर २६ ऑगस्ट १९५४ ला त्यांनी राज्यसभेत नेहरूंना सुनावले की सुरुवातीलाच एक छोटी पोलीस कारवाई केली असती तर काम झाले असते, तुम्ही नुसते ओरडत बसलात. तेव्हा बाबासाहेबांच्या नावावर सरसकट युद्धविरोध खपवू नका.

पण त्यांच्या नावावर युद्धाचा ज्वरही खपवू नका. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेची चर्चा करताना त्यांनी एक फरक केला आहे: मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. सिंह सेनापती बुद्धाला विचारतो की तुमचा धम्म अन्यायाविरुद्धच्या युद्धालाही नाही म्हणतो का, तेव्हा बुद्ध त्याला शस्त्र खाली ठेव म्हणत नाही. न्यायासाठी बळ वापरावे लागते, हे बाबासाहेबांनी कधीच नाकारले नाही. प्रश्न एवढाच आहे की समोर आहे ती गरज आहे की इच्छा, आणि हे ठरवणार कोण? ज्याची इच्छा आहे तोच?

'आधी वार' या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. शत्रूने बंदूक रोखली आहे, बोट घोड्यावर आहे, आणि तुम्ही आधी गोळी झाडली, ही एक गोष्ट. शत्रू कधीतरी बंदूक विकत घेईल, मग ती आपल्यावरच रोखेल, म्हणून आजच त्याचे घर जाळा, ही दुसरी. पहिलीला स्वसंरक्षण म्हणता येईल, तेही पुरावा असेल तर. दुसरीला काय म्हणायचे ते आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही. आपल्या पोरांना मोर्चाच्या आदल्या रात्री ठाण्यात का बसवून ठेवतात? 'शांतता भंग होण्याची शक्यता' असते म्हणून. गुन्हा झालेला नसतो, फक्त शक्यता असते. आणि शक्यता ठरवणारा साहेब, पुरावा तपासणाराही साहेबच.

घटना समितीत प्रतिबंधक स्थानबद्धतेचा प्रश्न आला तेव्हा बाबासाहेबांनी काय केले ते आठवा. ही तरतूद अजिबात नको, असे ते म्हणाले नाहीत. देशाची परिस्थिती त्यांना माहीत होती. पण १५ सप्टेंबर १९४९ ला त्यांनी मसुद्यात १५ अ हे कलम मांडले, आणि त्यातूनच आजचे कलम २२ आले. माणसाला आत टाकलेस ना, मग कारण सांग. तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचे असेल तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या तोडीची माणसे असलेल्या सल्लागार मंडळापुढे जा. ते संरक्षण अपुरे आहे, त्याचा गैरवापर कसा होतो हे आपण रोज भोगतो. पण तत्त्व बघा. संशयावरून एका माणसाला कोंडायचे असेल तरी तिसऱ्या कोणीतरी कागद तपासला पाहिजे. आणि इथे संशयावरून एक अख्खा देश जाळायला निघालेत, तर कागद कोणी तपासायचा? चॅनलच्या अँकरने?

आणखी एक. 'हे माजायच्या आत यांना धडा शिकवा' हे वाक्य आपण पहिल्यांदा पाकिस्तान किंवा इराणबद्दल ऐकलेले नाही. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला. त्यानंतर मराठवाड्यातल्या वस्त्या ज्यांनी जाळल्या, त्यांच्यावर कोणी हल्ला केला होता? कोणीही नाही. एक पाटी बदलणार होती, आणि पाटी बदलली की ही माणसे उद्या बरोबरीने बसतील, ही भीती होती. त्यांच्या हिशेबात ते स्वसंरक्षणच होते. ज्याच्या हातात बळ असते त्याला दुसऱ्याचे नुसते उभे राहणेही हल्ल्यासारखे दिसते. हे ज्यांच्या अंगावर उमटले आहे त्यांनीच हे तर्कशास्त्र मोठ्या प्रमाणावर चालवायला घेतले, तर काय बोलावे?

आता इतिहासाकडे. 'आधी वार'वाले नेहमी १९६७ चे उदाहरण देतात. ५ जून १९६७ ला इस्रायलने इजिप्तची विमाने जमिनीवरच फोडली आणि सहा दिवसांत युद्ध जिंकले. जिंकले, हे खरेच. पण सहा दिवसांत जी जमीन घेतली तिच्यावरून अर्ध्या शतकापेक्षा जास्त काळ रक्त सांडते आहे, ते युद्ध संपले असे गाझातल्या कुठल्या आईला सांगून बघा. आणि त्या सहा दिवसांची नक्कल आपल्या शेजाऱ्याने करून पाहिली आहे. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने भारताच्या विमानतळांवर अचानक हल्ला केला. तेरा दिवसांनी ढाक्यात त्यांच्या सैन्याने शरणागती पत्करली आणि अर्धा देश गेला. 'आधी वार' करणारा जिंकतोच, असे ज्याला वाटते त्याने आधी हे वाचावे.

१९७१ चे उदाहरण मला दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचे वाटते. पूर्व पाकिस्तानात मार्चमध्ये कत्तल सुरू झाली. सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून आली, त्यांत नमोशूद्र शेतकरी मोठ्या संख्येने होते, म्हणजे जोगेंद्रनाथ मंडलांचा समाज, ज्यांनी बाबासाहेबांना १९४६ मध्ये बंगालमधून घटना समितीत पाठवायला बळ दिले तो समाज. हस्तक्षेपाचे कारण कोणाला हवे असेल तर याहून मोठे कुठले? तरी सरकार एप्रिलमध्ये घुसले नाही. लष्करप्रमुखांनी तयारीला वेळ मागितला, तो दिला गेला. ९ ऑगस्टला सोव्हिएत रशियाशी करार झाला. जगभर फिरून बाजू मांडली गेली. पहिला वार समोरच्याने केला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी आपण विसरतो: मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य बांगलादेशातून परत आले. जायचे कसे हे ठाऊक होते आणि निघायचे कधी हेही ठाऊक होते. इंदिरा गांधींचे गोडवे गायला मी बसलेलो नाही, चार वर्षांतच त्यांनी आणीबाणीत काय केले ते सर्वांना माहीत आहे. पण थांबणे म्हणजे भित्रेपणा नाही, एवढे त्या नऊ महिन्यांनी सिद्ध केले.

त्याच्या शेजारी श्रीलंका ठेवा. जुलै १९८७ च्या करारानंतर शांतिसेना म्हणून आपले सैन्य गेले. ज्या एलटीटीईच्या पोरांना आधी आपल्याच देशात शस्त्रे चालवायला शिकवले होते, त्यांच्याकडून ती शस्त्रे काढून घ्यायची होती. ऑक्टोबरपर्यंत त्यांच्याशीच लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये सैन्य परत आले तेव्हा अकराशेहून अधिक जवान गेलेले होते आणि तमिळांचा प्रश्न होता तिथेच होता. महार रेजिमेंटला मिळालेले एकमेव परमवीर चक्र याच मोहिमेतले आहे. आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, २५ नोव्हेंबर १९८७, मरणोत्तर. छातीत गोळी लागलेली असताना लढलेल्या त्या माणसाच्या शौर्याबद्दल एक शब्दही कमी बोलू नये. पण त्याला तिथे कशासाठी पाठवले, हे दिल्लीत कोणी विचारले होते? जवान शूर होता म्हणून निर्णय शहाणा ठरत नाही. आपण शौर्यदिन साजरे करणारी माणसे आहोत, म्हणून हा फरक आपण सर्वांत घट्ट धरला पाहिजे. १११ महार पलटण १९१७ मध्ये युद्धाची गरज होती म्हणून उभी केली आणि १९२१ मध्ये गरज संपली म्हणून मोडली. चार वर्षे. अग्निवीरलाही चारच वर्षे आहेत, हा योगायोग असेल.

हैदराबादची पोलीस कारवाई आपल्या घराजवळची. रझाकारांचा जुलूम खरा होता, निजामाला वाकवणे गरजेचे होते, आणि बाबासाहेब तेव्हा मंत्रिमंडळात होते. १३ सप्टेंबर १९४८ ला सैन्य शिरले आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. इथपर्यंतचा धडा शाळेत शिकवतात. सहाव्या दिवसापासून पुढे उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्ग्याच्या भागात काय झाले, ते शिकवत नाहीत. सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज होता की २७ ते ४० हजार माणसे मेली, बहुतेक सामान्य मुसलमान, ज्यांतल्या पुष्कळांचा रझाकारांशी संबंध नव्हता. तो अहवाल दशकानुदशके बाहेर आला नाही. कारवाई न्याय्य होती असे मी मानतो. पण न्याय्य कारवाईतही सहाव्या दिवसाची तयारी नसेल तर बळी कोण जातो, हे त्या अहवालात लिहिले आहे. मग जिथे मुळात कारणच संशयाचे आहे तिथे काय होईल?

ते इराकने दाखवले. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत सद्दामच्या संहारक अस्त्रांचे 'पुरावे' मांडले. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक हान्स ब्लिक्स आणखी काही महिने मागत होते, ते दिले नाहीत. मार्चमध्ये हल्ला झाला. अस्त्रे सापडली नाहीत. अमेरिकेच्याच तपास पथकाने २००४ मध्ये साठे नव्हते असे लिहून दिले. पॉवेल यांनी पुढे ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग असल्याचे कबूल केले. ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीने २०१६ मध्ये म्हटले की शांततेचे मार्ग संपलेले नव्हते. डाग, कबुली, चौकशी, सगळे झाले. मेलेली माणसे?

आणि हे आपल्यापासून लांब नाही. हल्ल्यानंतर दोन महिन्यांत अमेरिकेने इराकचे सैन्य बरखास्त केले. हातात शस्त्र आणि पोटात भूक असलेली लाखो माणसे रस्त्यावर आली. त्या चिखलातून पुढे आयसिस वर आली. जून २०१४ मध्ये मोसुलला बांधकामावर मजुरी करणारे ३९ भारतीय तिने पकडून नेले. पंजाब, हिमाचल, बिहार, बंगालमधली माणसे, घरच्यांना चार पैसे पाठवायला गेलेली. ते मारले गेले हे त्यांच्या घरच्यांना सरकारकडून मार्च २०१८ मध्ये कळले, जवळजवळ चार वर्षांनी. वॉशिंग्टनमधल्या 'आधी वार'ची किंमत अशी वसूल होते. जुलै २००३ मध्ये अमेरिका आपले सैन्य इराकला मागत होती आणि संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून वाजपेयी सरकारने नकार दिला, हेही आज छाती फुगवणाऱ्यांनी आपल्या नेत्यांना आठवून द्यावे.

बालाकोटला आपल्या सरकारने काय शब्द वापरला होता माहीत आहे? परराष्ट्र सचिवांच्या निवेदनात 'बिगर-लष्करी, पूर्व-प्रतिबंधक कारवाई' असे होते. दुसऱ्याच दिवशी, २७ फेब्रुवारी २०१९ ला, बडगामला हवाई दलाचे एक हेलिकॉप्टर कोसळले. सहा जवान आणि खाली असलेला एक नागरिक गेला. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले होते. हवाई दलप्रमुखांनी हे जाहीरपणे मान्य केले ऑक्टोबरमध्ये. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती. मी हेतूवर बोलत नाही, तारखा तेवढ्या सांगतो.

बाबासाहेबांनी आपल्याला यासाठी एक प्रसंग लिहून ठेवला आहे, पण आपण तो गृहत्यागाची गोष्ट म्हणून वाचतो आणि पुढे जातो. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत मारामारी होते. सेनापती संघात युद्धाचा ठराव मांडतो. अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ उभा राहतो आणि विचारतो की आगळीक कोणाची, याची चौकशी झाली का? आपल्याही माणसांनी हात उचलल्याचे ऐकतो. दोन माणसे त्यांची, दोन आपली, चौघांनी पाचवा निवडावा आणि निवाडा करावा, अशी दुरुस्ती तो सुचवतो. बहुमताने ती पडते. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येकाची सैन्यभरती जाहीर होते. आदल्या दिवशी विरोधात मत देणारे सगळे गप्प बसतात, तो एकटा उभा राहतो. मग त्याला काय धमकी देतात? सामाजिक बहिष्कार आणि घरच्यांच्या जमिनी जप्त. ओळखीचे वाटते ना? देशद्रोही, पाकिस्तानात जा, याच धमकीची ती जुनी आवृत्ती आहे. तो घर सोडतो ते आजारी, म्हातारा आणि प्रेत बघून नव्हे, बाबासाहेबांनी ती कथा मुद्दाम नाकारली. तो घर सोडतो एका युद्धाच्या ठरावावरून. आणि पुढचे पानही वाचा: तो गेल्यावर दोन्हीकडच्या लोकांनी युद्धाविरुद्ध मिरवणुका काढल्या आणि समेट झाला. म्हणजे त्याने मागितलेली चौकशी अशक्य नव्हती, संघातल्या बहुमताला ती नको होती.

युद्ध वर्धा जिल्ह्याला टीव्हीवर बघावे लागत नाही. ते पुलगावला साठवलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासूनचा हा दारूगोळ्याचा डेपो, देशातला सर्वांत मोठा. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या रणगाडाविरोधी सुरुंगांच्या शेडला आग लागली. पहिल्याच दिवशी १६ मृत्यूंची नोंद झाली, दोन अधिकारी आणि बाकी बहुतेक डेपोचे आग विझवणारे आणि सुरक्षा जवान. नंतर जखमींपैकीही काही गेले. शेजारच्या गावांतली माणसे लेकरे काखेत घेऊन रात्रीच बाहेर पडली. पुढे २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव (आबाजी) जवळच्या मैदानावर जुना दारूगोळा निकामी करायचे काम चालू असताना स्फोट झाला. सहा जण गेले. एक जबलपूरच्या कारखान्याचा कर्मचारी, बाकीचे ठेकेदाराकडचे मजूर, आसपासच्या गावांतले. त्यांची जात मी शोधत बसलो नाही. स्फोटकांच्या पेट्या ठेकेदाराच्या रोजंदारीवर उतरवायला कोणाच्या घरचा माणूस जातो, हे देवळी तालुक्यात कोणाला विचारावे लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यांतल्या सहा बाया. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत आठ. विदर्भाच्या या पट्ट्यात युद्ध सुरू नसतानाही माणसे युद्धाने मरतात. त्यांना ना तिरंगा, ना चौकात पुतळा, ना शहीद हा शब्द.

१० ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात बाबासाहेबांनी हिशेब मांडला होता. सरकारचे वर्षाचे उत्पन्न ३५० कोटी, त्यांतले १८० कोटी सैन्यावर, आणि हे आपल्या परराष्ट्र धोरणाचे फळ, कारण अडचणीत धावून येईल असा मित्र आपण ठेवला नाही. आज तेवढा वाटा जात नाही हे मान्य, पण २०२५-२६ चा संरक्षणाचा आकडा ६ लाख ८१ हजार कोटींचा आहे. हा पैसा खर्च करू नका असे मी म्हणत नाही. पण बाबासाहेब मंत्रिपद सोडून बाहेर पडताना हा प्रश्न विचारू शकतात, आणि आपण ग्रुपवर विचारला की ॲडमिन काढून टाकतो, हे काय आहे?

तेव्हा पुढच्या वेळी 'घुसून मारा'चा मेसेज आला तर शिव्या देऊ नका, फॉरवर्डही करू नका. त्याखाली विचारा: हल्ला येणार याचा पुरावा संसदेपुढे ठेवला का, बंद दाराआड विरोधकांना तरी दाखवला का? दुसरे मार्ग कोणते वापरून पाहिले? सहाव्या दिवशी काय करणार, परत कधी येणार? आणि दारूगोळ्याच्या पेट्या उचलणाऱ्या ठेकेदाराच्या मजुराला जवानाइतकी भरपाई, विमा आणि प्रशिक्षण मिळते का? शेवटचा प्रश्न आपल्या खासदाराला लेखी विचारता येतो, माहितीच्या अधिकारातही विचारता येतो. पुलगाव, देवळी, आर्वी, हिंगणघाटच्या कार्यकर्त्यांनी तो अर्ज एकत्र टाकावा.

२६ नोव्हेंबरला आपण सगळीकडे संविधान दिन करतो. सोनेगावच्या स्फोटाची तारीख त्याच्या सहा दिवस आधी येते. या वर्षी वर्धा जिल्ह्यातला कार्यक्रम २० तारखेलाच सुरू करा, त्या मजुरांच्या घरच्यांना बोलवा, आणि उद्देशिकेच्या आधी शाक्य संघातला तो प्रसंग मोठ्याने वाचा.

जय भीम.